संत कॅथरिन, सोर हुआना आणि विद्येचा अधिकार

१/६
अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला. तो संत कॅथरिनचा सण होता. म्हणून जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल तिला अर्पण झाले. तेथे ही संत विजेत्याच्या तलवारीशी जोडली गेली. १८१ वर्षांनी, स्पेनच्या ताब्यातील मेक्सिकोत, एका ख्रिस्ती संन्यासिनीने तिच्याच नावाने निराळा लढा मांडला.

२/६
ही संन्यासिनी म्हणजे कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूझ. १६९० मध्ये पुएब्लाच्या बिशपने तिचा धर्मशास्त्रीय निबंध छापला आणि ‘सोर फिलोतेआ’ या स्त्रीनामाआडून तिला ऐहिक विद्या आवरण्याचा उपदेशही केला. १ मार्च १६९१ च्या उत्तरात सोर हुआनाने प्राचीन विदुषींची परंपराच उभी केली. तीत कॅथरिनही होती.

३/६
त्याच वर्षी ओआहाकाच्या कॅथेड्रलसाठी तिने कॅथरिनवर विल्यान्सिको, म्हणजे सणाच्या उपासनेत गायची गीते, रचली. आख्यायिकेनुसार अलेक्झांड्रियाच्या या तरुणीने पन्नास पंडितांना वादात निरुत्तर केले आणि पुढे तिचा शिरच्छेद झाला. सोर हुआनाच्या गीतांत हौतात्म्याइतकाच त्या वादविजयाचा गौरव आहे.

४/६
अनेक स्त्रीवादी अभ्यासक या कॅथरिनमध्ये कवयित्रीचे आत्मचित्र पाहतात. साम्य उघड आहे. पण केवळ आत्मचित्र मानल्यास गीतांचा आवाका आक्रसतो. त्यांतील युक्तिवाद एका स्त्रीपुरता नाही. बुद्धी स्त्री-पुरुष भेद जाणत नाही, हे त्यांचे म्हणणे सर्व स्त्रियांना लागू होते.

५/६
यावर आक्षेप येतो : कॅथरिन तर चर्चला मान्य असलेली, विद्वानांची आश्रयदाती संत, मग यात बंड कोठे? खरे सामर्थ्य नेमके येथेच आहे. सोर हुआनाने नवी देवता आणली नाही. चर्चच्याच श्रद्धेचा तर्क शेवटपर्यंत नेला. एका विदुषीला वेदीवर पुजायचे, तर दुसरीच्या हातातील ग्रंथ कोणत्या न्यायाने काढून घ्यायचा?

६/६
१६९४ मध्ये सोर हुआनाने आपल्या व्रतांचा पुनरुच्चार करून त्यावर रक्ताने सही केली. १७ एप्रिल १६९५ रोजी, साथीत मठभगिनींची शुश्रूषा करताना, तिचा मृत्यू झाला. अखेरचे मौन स्वेच्छेचे की लादलेले, हा वाद अद्याप मिटलेला नाही. कॅथरिन प्रत्यक्षात होऊन गेली का, याविषयीही इतिहासकार साशंक आहेत. १६९१ ची ती गीते मात्र शिल्लक आहेत, आणि त्यांनी विचारलेला प्रश्नही.