बंबाला स्वतःची वायर हवी

आपल्या मंडळातल्या बऱ्याच मंडळींकडे आता जुन्या मोटर होम आहेत. त्यातला फक्त गॅसवरचा गीझर गळायला लागला की हल्ली सगळे गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा घेतात. ते योग्यच आहे. कॅम्पग्राउंडच्या रोजच्या भाड्यात वीज बहुतेक ठिकाणी धरलेली असते, प्रोपेन मात्र आपल्या खिशातून जातो. माझा आक्षेप आहे तो त्यापुढच्या सल्ल्याला: "कशाला पॅनल उघडता? जवळच्या सॉकेटमधून वायर ओढा." हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो धोक्याचा आहे.

हिशेब साधा आहे. सहा गॅलनच्या नेहमीच्या गीझरची कॉइल 1440 वॅटची असते, म्हणजे 120 व्होल्टवर 12 अँपिअर. अमेरिकेचा इलेक्ट्रिकल कोड असा साठवणीचा गीझर सततचा भार धरतो आणि सर्किट त्याच्या सव्वापट क्षमतेचं मागतो. 12 ची सव्वापट 15. म्हणजे 15 अँपिअरचं सर्किट एकट्या गीझरनेच भरलं. त्याच सॉकेटवर कुणी कॉफीमेकर लावला की ब्रेकर पडणार, आणि तो पडला तर नशीबच म्हणायचं. खरी भीती वाटते ती अर्धवट आवळलेल्या जोडाची. गाडी हजारो मैल हादरत असते, जोड सैल होतो, तापतो, आणि ब्रेकरला त्याचा पत्ताही लागत नाही. तो जोड असतो पलंगाखाली, प्लायवुडला टेकलेला.

म्हणून पॅनलपासून थेट वेगळी वायर टाका. मी 12 गेजची वायर आणि 20 अँपिअरचा ब्रेकर वापरीन. गीझरच्या लेबलवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळावं. पॅनलमध्ये जागा नाही ही तक्रार खरी असते, पण अनेक पॅनलमध्ये एका खाचेत दोन ब्रेकर बसतात. कोणत्या खाचेत चालतात ते पॅनलच्या झाकणामागे लिहिलेलं असतं.

दोन गोष्टी मात्र नीट पाहायला हव्यात. जुन्या मोटर होममध्ये 12 व्होल्टच्या वायरीही अनेकदा काळ्या-पांढऱ्याच असतात, आणि 120 व्होल्टच्याही. गीझरमागे दोन्ही शेजारी येतात. रंगावर भरवसा ठेवून जोडलं तर गीझरचा सर्किट बोर्ड क्षणात जातो, म्हणून मीटर लावून खात्री करावी. दुसरं, मोटर होमच्या पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडायचं नसतं; कॅम्पग्राउंडवर ते काम बाहेरच्या वीजजोडणीकडे झालेलं असतं. घरातलं मुख्य पॅनल पाहिलेला माणूस इथे हमखास दोन्ही एकाच पट्टीवर घेतो. मग एखादा दोष निर्माण झाला की गाडीचा सगळा पत्रा जिवंत होऊ शकतो, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणारं पोर त्यात सापडतं. पॅनल उघडायचा आत्मविश्वास नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. त्यालाही वेगळं सर्किटच सांगा. गॅसचा जोड मात्र मी तरी जाणकाराकडूनच करून घेईन. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो.

कुणी म्हणेल, मग गॅसच बरा. पाणी तापवण्यात तो सरस आहे, हे मान्य: 12,000 बीटीयूचा बर्नर म्हणजे साधारण साडेतीन हजार वॅट. त्याची ज्वाळा टाकीतून गेलेल्या नळीत जळते, आपल्या तांब्याच्या बंबासारखी, सभोवती पाणी. म्हणूनच आंघोळीच्या रांगेत दोन्ही एकदम चालवता येणं ही या गीझरची खरी कमाई आहे. पण 30 अँपिअरच्या गाडीत एसी चालू असेल तेव्हा वीज बंद ठेवून गॅसवर भागवावं.

कॉइल जळते ती बहुतेक वेळा वसंतात. थंडीत पाणी गोठू नये म्हणून टाकी रिकामी करून बायपासचे व्हॉल्व्ह फिरवलेले असतात, ते तसेच राहतात. नळाला पाणी येतं, टाकी मात्र कोरडी. कोरड्या टाकीत वीज दिली की कॉइलचं आवरण थोड्याच वेळात फाटतं. म्हणून आधी व्हॉल्व्ह तपासा, टाकी भरा, गरम पाण्याचा नळ उघडा आणि फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. तोवर गीझरचा ब्रेकर बंद ठेवा. सर्किट वेगळं असेल तरच तो बाकीचे सॉकेट बंद न पाडता बंद ठेवता येतो.