खांडसारीला रकाना आहे, आम्हाला नाही

सरकारने सिंचनावर खर्च केलेला रुपया शेवटी कुणाच्या घरात किती जातो, याचा अंदाज अर्थतज्ज्ञ एका तक्त्यावरून बांधतात. त्याचे नाव सोशल अकाउंटिंग मॅट्रिक्स. आडव्या ओळीत मिळकत, उभ्या रकान्यात खर्च, आणि प्रत्येक खात्याची दोन्हीकडची बेरीज सारखी. नावात 'सोशल' आहे म्हणून आम्ही त्यात समाज शोधला. भारताच्या अनेक तक्त्यांत कुटुंबांचे नऊ गट सापडतात. खेड्यात शेतीतले स्वयंरोजगारी, बिगरशेती स्वयंरोजगारी, शेतमजूर, इतर मजूर आणि 'इतर'. शहरात स्वयंरोजगारी, पगारदार, रोजंदार आणि पुन्हा 'इतर'. जात नाही.

आता एका खात्यात कोण कोण बसवलंय ते पाहा. 'पगारदार' म्हणजे बँकेचा अधिकारी आणि गटारात उतरणारा सफाई कामगारही. 'शेतीतले स्वयंरोजगारी' म्हणजे बागायतदार पाटील आणि गायरानाचा तुकडा अतिक्रमण ठरवला जात असतानाही कसणारा आपला माणूसही. कालव्याचं पाणी आलं की जमिनीचं उत्पन्न वाढतं. मॉडेल ते या सामाईक खात्यात जमा करतं. पाटलाचा ऊस वाढतो आणि कागदावर गायरानवालाही सुधारतो!

विचारलं की उत्तर ठरलेलं: तक्ता फार मोठा होईल. खोटं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण प्रत्येक कुटुंबाला सामाजिक गट विचारतं. 1999-2000 पासून ओबीसींची नोंदही वेगळी होते. नऊ गुणिले चार, छत्तीस खाती. ज्या राष्ट्रीय आदान-प्रदान तक्त्यावर हे सगळं उभं राहतं, त्याच्या 2007-08 च्या आवृत्तीत 130 क्षेत्रं आहेत. साखर वेगळी, खांडसारी वेगळी. खांडसारीसाठी जागा निघते, मग आमच्यासाठी का नाही?

बाबासाहेबांनी 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये हाच मुद्दा धरला होता. रुपया घसरल्याने देशाचा फायदा होतो म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिलं की तो फायदा बाहेरून येत नाही, भाव चढूनही ज्यांची मजुरी मागे राहते त्यांच्या खिशातून येतो. 'देशाचा फायदा' हे खातं त्यांनी फोडून दाखवलं.

2025 मध्ये जातगणनेचा निर्णय झाला. डोकी मोजली जातील, ठीक. पण अनुसूचित जाती उपयोजनेचा रुपया रस्त्याच्या ठेक्यात गेला, तर ठेकेदार, सिमेंट, मजुरी या वाटांनी तो कुठल्या घरात पोचला, हे डोकी मोजून कळत नाही. जातवार खाती असलेल्या तक्त्यावरून त्याचा अंदाज निघू शकतो. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आपल्या आमदारांनी तो तक्ता लेखी मागावा.