स्वभावाची नवी पत्रिका

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या अनेक घरांत आता छत्तीस गुणांचा हिशेब कोणी मांडत नाही. हे चांगलेच झाले. परंतु त्या रिकाम्या पाटावर ‘स्वभाव जुळला पाहिजे’ हे नवे दैवत येऊन बसले आहे. मुलगा अबोल, म्हणून मुलगीही अबोल हवी. तो माणसांत रमणारा, म्हणून तीही तशीच हवी. एवढ्यावरून चांगली स्थळे परत जातात. या समजुतीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व जर्मनी येथील तेवीस हजारांहून अधिक विवाहित स्त्री-पुरुषांच्या माहितीवर आधारलेले संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. सहजीवनातील समाधानात जो फरक आढळतो, त्यातील सुमारे ६ टक्के ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या स्वभावाने उलगडतो, १ ते ३ टक्के जोडीदाराच्या स्वभावाने. आणि दोघांच्या स्वभावसाम्याने अर्धा टक्काही नाही. ज्याला आपण लग्नाचा पाया मानतो, तो इतका पोकळ आहे!

कोणी म्हणेल, हे परदेशातले. मग घरचे पाहू. आगरकर पक्के बुद्धिवादी, यशोदाबाई श्रद्धाळू. तरी त्यांच्या व्रतवैकल्यांना आगरकरांनी आडकाठी केली नाही. तेथे साम्य नव्हते, आदर होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना घरात आपली बोली, आपले सणवार हवेसे वाटतात. ही इच्छा आम्हांलाही परकी नाही. पण तो संस्कारांचा प्रश्न झाला, स्वभावाचा नव्हे. मराठी बोलणारी सून हवी असेल तर तसे उघड म्हणावे. ‘स्वभाव जुळत नाही’ या सभ्य शब्दांआडून नकार देऊ नये. त्या नकाराचे ओझे पुढे त्या मुलीच्या नावावर चढते.

तेव्हा वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की ‘आमच्यासारखा आहे का?’ हा प्रश्न सोडावा. राग आल्यावर तो कसा वागतो, दिलेला शब्द पाळतो का, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेतो का, हे विचारावे. आणि हेच प्रश्न आधी आपल्या घरच्या उपवराला विचारावेत.