हा खड्डा बुजवायला नको होता

इतकी वर्षं रस्त्यातले खड्डे बुजवा म्हणून बातम्या लिहितोय. आज पहिल्यांदाच एक खड्डा बुजवायला नको होता म्हणून लिहितोय. खड्डा आपल्याकडचा नाही, स्कॉटलंडचा आहे, आणि तोही गोल्फच्या मैदानातला. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय गोल्फचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे.

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गालिच्यासारखं हिरवंगार मैदान, पांढऱ्या टोप्या, छोट्या गाड्या आणि गेटवर वॉचमन. पण हा खेळ जिथं वाढला ते मैदान असं अजिबात नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा गेलेल्या माणसाला वाटावं की काम अर्धवट सोडून ठेकेदार पळालाय. जिकडं बघावं तिकडं उंचवटे, खळगे, वाळूचे खड्डे. सपाट जागा शोधावी लागते.

हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. हजारो वर्षांपूर्वी समुद्र मागं हटला, वाळू उरली. वाऱ्यानं त्या वाळूचे टिबे केले, त्यावर बारीक चिवट गवत उगवलं, सशांनी बिळं केली, मेंढ्या चरल्या. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली ही पट्टी, पिकाला निरुपयोगी. तिला तिकडं 'लिंक्स' म्हणतात. शेत होत नाही म्हणून जनावरं चारायला आणि खेळायला मोकळी राहिली. वाळूमुळं पाणी लगेच मुरतं, चिखल होत नाही, त्यामुळं हिवाळ्यातही खेळता येतं.

ज्यांना गोल्फ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जिथून चेंडू मारत पुढं जायचं ती कापलेल्या गवताची पट्टी म्हणजे फेअरवे. शेवटी जिथं भोक असतं ती अगदी बारीक गवताची जागा म्हणजे ग्रीन. ओल्ड कोर्सवर या दोन्ही ठिकाणी जमीन लाटांसारखी वरखाली होते. चांगला मारलेला चेंडू उंचवट्यावर आपटून भलतीकडं जातो, वाईट मारलेला कधी घरंगळत भोकाजवळ येतो. बॉबी जोन्स हा अमेरिकेचा मोठा खेळाडू. 1921 साली तो इथं इतका वैतागला की अकराव्या भोकावर चेंडू खिशात घालून स्पर्धा सोडली. तोच 1927 साली इथंच जिंकला आणि 1958 साली याच गावानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. मैदान तेच होतं. खेळाडू ते वाचायला शिकला होता.

आता मुद्द्याचं. ही जमीन कुणाची? गावाची. 1552 साली तिथल्या आर्चबिशपनं लिहून दिलं की या जमिनीवर गावकऱ्यांना गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा, जनावरं चारण्याचा हक्क आहे. पुढं 1797 साली नगर परिषद कर्जात बुडाली आणि तिनं ही जमीन विकली. (ओळखीचं वाटतंय ना?) मग ती सशांचा धंदा करणाऱ्यांच्या ताब्यात गेली. सशांनी मैदान पोखरलं, गावकरी भडकले, कोर्टकचेऱ्या झाल्या. जवळपास वीस वर्षं हे चाललं. शेवटी 1821 साली गोल्फची आवड असलेल्या एका जमीनदारानं ती विकत घेऊन वाचवली. 1894 साली संसदेनं खास कायदा केला आणि जमीन पुन्हा नगर परिषदेकडं आली. 1974 च्या कायद्यानं ती सांभाळायला ट्रस्ट नेमला. मैदानाशेजारी ज्या जगप्रसिद्ध क्लबची दगडी इमारत दिसते, त्या क्लबच्या मालकीचं हे मैदान नाही.

आजही पहिल्या आणि अठराव्या फेअरवेवरून सार्वजनिक रस्ता जातो. रविवारी एरवी खेळ बंद. त्या दिवशी गावातली माणसं तिथं फिरतात, कुत्री फिरवतात, पोरं उंचवट्यांवरून धावतात. पूर्वी बायका तिथल्या ओढ्यावर धुणं धुवून मैदानातच वाळत घालायच्या. बाहेरच्या माणसाला एका फेरीला 300 पौंडांहून जास्त मोजावे लागतात हे खरं. पण गावातल्या माणसाला वर्षाचा पास त्या मानानं स्वस्तात मिळतो.

माझं म्हणणं असं की ते उंचवटे टिकले याचं एक मोठं कारण ही मालकी आहे. एका मालकाची जमीन असती तर कधीच कुणीतरी 'सुधारणा' केली असती. गावाची जमीन असली की प्रत्येक खड्ड्याला कुणीतरी वाली असतो.

तरीही 2012 मध्ये व्हायचं ते झालं. नोव्हेंबर महिन्यात ट्रस्ट आणि खेळाच्या नियामक संस्थेनं जाहीर केलं की 2015 च्या ओपन स्पर्धेसाठी मैदानात बदल होणार. सातव्या फेअरवेवरचा मोठा खळगा भरायचा, अकराव्या ग्रीनचा एक भाग खाली आणायचा, काही वाळूचे खड्डे हलवायचे. जाहीर झालं आणि काही दिवसांतच यंत्रं कामाला लागली. जगभरच्या गोल्फ मैदानांच्या रचनाकारांनी विरोध केला, ऑनलाइन सह्यांची मोहीम झाली. पण तोवर माती हलली होती. आधी काम, मग चर्चा. ही पद्धत फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका.

हे कशासाठी? वेगासाठी. ग्रीनवर चेंडू किती घरंगळतो हे मोजायला स्टिंपमीटर नावाची साधी पट्टी असते. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि किती फूट गेला ते बघायचं. 1970 च्या दशकात अमेरिकेत मोजणी झाली तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आज मोठ्या स्पर्धांत 12-13 फूट सर्रास होतं. यंत्रं सुधारली, गवत आणखी बारीक कापता आलं, टीव्हीवर चकचकीत दिसायला लागलं. पण वेग वाढला की उतारावर चेंडू थांबतच नाही. मग भोक पाडायला जागा उरत नाही. मग म्हणायचं की उतार चुकीचा आहे, तो कमी करा!

गवत थोडं वाढू दिलं असतं तर काम झालं असतं. त्याला खर्च शून्य. पण यंत्राला जमिनीपुढं नमवण्याऐवजी जमिनीला यंत्रापुढं नमवलं. आणि 2015 ला काय झालं? शनिवारी वारा सुटला, ग्रीनवर ठेवलेले चेंडू आपोआप हलायला लागले, खेळ दहा तासांहून जास्त बंद ठेवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रस्टवाले म्हणतात, मैदान कधीच जसंच्या तसं नव्हतं. खरं आहे. 1764 साली 22 भोकांची 18 झाली. टॉम मॉरिस या जुन्या मैदानरक्षकानं एकोणिसाव्या शतकात बरंच काही बदललं, अठरावं ग्रीन त्यानंच केलं. बदल होऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण मॉरिस गावातच जन्मला, आयुष्याचा बराच काळ तिथंच राहिला, त्या जमिनीवर चालला. फावड्यानं केलेली चूक दुसऱ्या दिवशी फावड्यानं दुरुस्त होते. यंत्रानं चारशे वर्षांचा उंचवटा एका सकाळी गेला की तो परत आणायला नकाशे आणि लाखो रुपये लागतात.

आणि गंमत बघा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मिशिगन सरोवराच्या काठी लष्कराची जुनी सपाट जागा होती. तिथं हजारो ट्रक वाळू ओतून खोटे टिबे केले, स्कॉटलंडसारखं दिसावं म्हणून मेंढ्याही सोडल्या. 1998 साली ते मैदान सुरू झालं, मोठ्या स्पर्धाही झाल्या. म्हणजे एकीकडं निसर्गानं फुकट दिलेले उंचवटे काढायचे आणि दुसरीकडं पैसे ओतून तसलेच विकत घ्यायचे.

स्कॉटलंडमध्येच ॲबर्डीनजवळ याहून वाईट झालं. मेनी इथं डोनाल्ड ट्रम्प यांनी जागा घेतली. तिथले वाळूचे टिबे वाऱ्यानं सरकणारे, त्यासाठीच संरक्षित. स्थानिक परिषदेच्या समितीनं 2007 साली परवानगी नाकारली. स्कॉटलंड सरकारनं प्रकरण स्वतःकडं घेतलं आणि 2008 साली मंजुरी दिली. रोजगार येणार, पैसा येणार, हे नेहमीचं. मैदान करायचं तर टिबा सरकून चालत नाही, म्हणून गवत लावून तो जागेवर बांधला. 2012 साली मैदान उघडलं आणि 2020 साली तिथला संरक्षणाचा दर्जा काढून घेतला गेला, कारण जपण्यासारखं जे होतं त्यातलं बरंच उरलं नव्हतं. टिबे दिसायला टिबेच राहिले, पण जिवंत राहिले नाहीत.

आपल्याकडं गोल्फचा प्रश्न नाही, गायरानाचा आहे. सपाटीकरण हा शब्द आपल्या टेंडरमध्ये इतका रुळलाय की त्याला विरोध करायचं कुणाला सुचतही नाही. टेकडी दिसली की मुरूम दिसतो, खळगा दिसला की भराव. त्या खळग्यात पावसाचं पाणी थांबत होतं, त्या उंचवट्यावर शेळ्या चरत होत्या, हे मोजमाप पुस्तिकेत येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं सगळ्या राज्यांना बजावलं. पण न्यायालय मालकी सांगू शकतं. रविवारी तिथं फिरायला आपल्यालाच जावं लागतं.

सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी साडेचारशे वर्षं ती जमीन वापरत ठेवली म्हणून ती टिकली. वापरात नसलेली सामाईक जमीन कागदावर सार्वजनिक आणि प्रत्यक्षात बेवारस असते.

तेव्हा आपल्या गावाचं गायरान किती एकर आहे आणि आज त्यावर काय आहे, हे किती जणांना माहीत आहे? तलाठ्याकडं सातबारा मागा आणि कमेंटमध्ये लिहा. यादी मी करतो, बातमी आपण मिळून करू.