डीएनए म्हणजे सोर्स कोड? काहीतरीच!

आपल्या आयटीवाल्यांना एक खोड आहे. जगातली कुठलीही गोष्ट दिसली की "हे म्हणजे शेवटी सॉफ्टवेअरच" असं ठोकून द्यायचं. त्यातलं सगळ्यांचं लाडकं वाक्य: डीएनए म्हणजे सोर्स कोड, कोड वाचला की माणूस कळला. ऐकायला झकास, पण साफ चूक!

कशी ते बघा. काचेवर पीईजी नावाच्या पॉलिमरचा थर दिला की तिथे प्रथिनं चिकटत नाहीत. त्यावर नक्षीचा मास्क ठेवून अतिनील प्रकाश टाकायचा. प्रकाश पडेल तिथला थर निकामी होतो आणि नेमकं तेवढ्याच जागी फायब्रोनेक्टिनसारखं प्रथिन बसतं. पेशी फक्त त्यालाच धरतात. म्हणजे पेशीने कुठे बसायचं, किती पसरायचं, हे आपण ठरवायचं. चिप बनवणाऱ्यांचीच युक्ती ही.

१९९७ साली क्रिस्टोफर चेन, व्हाइटसाइड्स, इंगबर वगैरे मंडळींनी प्रकाशाने कोरलेल्या साच्यातून रबरी शिक्के काढले आणि फायब्रोनेक्टिनची बेटं छापली. मोठ्या बेटावर ऐसपैस पसरलेल्या पेशी वाढल्या, छोट्यावर आक्रसून बसलेल्या मेल्या. छोट्या बेटावर प्रथिनच कमी पडलं असेल, म्हणाल? तेवढंच प्रथिन बारीक ठिपक्यांत विखरून दिलं, तर पेशी ठिपक्याठिपक्यांवरून पसरल्या आणि जगल्या!

२००४ साली चेन यांच्याच गटाने मूळपेशी घेतल्या. पोषक द्रावण एकच. छोट्या बेटावरच्या चरबीच्या दिशेने गेल्या, मोठ्यावरच्या हाडाच्या. डीएनए? तोच. एक अक्षर बदललेलं नाही.

आता कोणीतरी म्हणेलच, "मग जागा म्हणजे इनपुट समज की!" समजतो. पण मग नुसता कोड वाचून आउटपुट सांगायची ऐट सोडा. पेशीत जनुकंच चालू-बंद होतात हे खरं, पण बटणावरचं बोट कधीकधी बाहेरचं असतं, आणि ते बोट कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. उद्या कोणी थुंकीचा नमुना घेऊन तुमच्या मुलाचा स्वभाव, बुद्धी, करिअर सगळं सांगतो म्हणाला, तर पाकिटाला हात घालण्याआधी ती दोन बेटं आठवा. एकाच डीएनएच्या पेशीचं चरबी की हाड, हे जिथे बेटाच्या आकाराने फिरतं, तिथे अख्ख्या पोराची कुंडली कसली मांडताय?