आकडे हाती, अर्थ परक्याकडे

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली, तेव्हापासून चिप हा शब्द मध्यमवर्गीय घरांतील संभाषणातही रुळला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मोहालीच्या शासकीय प्रयोगशाळेत घडलेली ‘विक्रम’ चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली, तेव्हा अनेकांचा ऊर भरून आला आणि ते स्वाभाविकच होते. परंतु या उत्साहात एक प्रश्न मागे पडतो. चिप कोणत्या कारखान्यात घडली, एवढ्यावरून ती कोणाच्या आज्ञेत राहील हे ठरत नाही. ते ठरते चिपच्या पोटातील रजिस्टरांमध्ये कोणते आकडे लिहायचे, या ज्ञानावरून. ते ज्ञान कोणाकडे आहे, याची विचारपूस फारसे कोणी करत नाही.

रजिस्टर म्हणजे चिपमधील ठरावीक पत्त्यावरची इवलीशी जागा. तिच्यात बहुधा ३२ खटके असतात असे समजावे. एक खटका वर केला की नेटवर्क कार्ड माहिती पाठवू लागते, दुसरा वर केला की स्वीकारू लागते, एखाद्याने सारी चिप पुन्हा मूळ स्थितीवर येते. संगणक सुरू होताच हे खटके योग्य क्रमाने लावून देणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. नाट्यगृहात पडद्यामागे दिव्यांचा फलक सांभाळणाऱ्या माणसासारखेच त्याचे काम. प्रयोग बिघडला तरच त्याची आठवण होते! एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन चिपा दिसायला सारख्या असल्या, तरी एकीला मानवणारा आकडा दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून ड्रायव्हर आधी चिपला तिची ओळख विचारतो आणि मग तिच्यापुरता तक्ता उघडतो. (इंटेलने आपला ओळखक्रमांक ८०८६ असा घेतला आहे. हे कंपनीच्या गाजलेल्या जुन्या प्रोसेसरचे नाव.)

कोणता खटका कशाचा, हे सांगणारी पुस्तिका चिप घडवणाऱ्याकडे असते. ती त्याने बाहेर दिली नाही, तर काय होते? लिनक्स या मुक्त प्रणालीतील रिअलटेकच्या नेटवर्क कार्डांचा ड्रायव्हर उघडून पाहावा. पत्ता आणि मूल्य, पत्ता आणि मूल्य अशा जोड्यांच्या रांगाच्या रांगा तेथे दिसतात. हाच आकडा का, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी नाही. प्रोग्रॅमर मंडळी अशांना ‘जादूचे आकडे’ म्हणतात. जादू कसली? अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीला आपल्याकडे कधी विद्या म्हटलेले नाही.

सारे उघडे असले म्हणजे काय साधते, हे २००८ मध्ये दिसले. त्या वर्षी सप्टेंबरात लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचण्या चालू असताना इंटेलची काही गिगाबिट नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी उपयोग होईना, कारण कार्डाचा पत्ता आणि मूळ मांडणी जिच्यात कायमची नोंदलेली असते ती स्मृतीच विद्रूप झालेली होती. संशय अर्थातच ड्रायव्हरवर गेला. इंटेलच्या अभियंत्यांनी त्या स्मृतीवर लेखनबंदी घालणारी दुरुस्ती दिली. ऑक्टोबरात खरा अपराधी सापडला, तो भलताच निघाला. कर्नलच्या हालचालींची नोंद ठेवणारी ‘एफट्रेस’ नावाची सुविधा, काम संपून मोकळ्या झालेल्या एका जागेत आपला बदल करायला जात होती. दरम्यान ती जागा कार्डाच्या रजिस्टरांना मिळालेली होती. साध्या स्मृतीत निरुपद्रवी ठरणारी क्रिया रजिस्टरांवर घडली आणि कार्डे बाद झाली. २.६.२७.१ मध्ये त्या सुविधेचा तो भाग बंद करण्यात आला. ड्रायव्हर आणि कर्नल दोन्ही सर्वांसमोर उघडे नसते, तर दोष निरपराधाच्याच माथी राहिला असता.

ब्रॉडकॉमच्या वायरलेस चिपांचे दार मात्र बंद होते. काही प्रोग्रॅमरांनी मग दोन गट केले. एकाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून त्याचे वर्णन लिहिले, दुसऱ्याने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. २००६ मध्ये तो लिनक्समध्ये आला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये, तोही नव्या चिपांपुरता. चिप घडवणाऱ्याला आधीपासूनच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा शोधण्यात कुशल माणसांची वर्षे गेली. प्रक्षेपणाची शक्तीही रजिस्टरांतूनच ठरते, ती मोकळी सोडली तर रेडिओ लहरींचे नियम मोडले जातील, हा कंपन्यांचा युक्तिवाद निराधार नाही. पण ती मर्यादा चिपमध्येच बांधता येते. त्यासाठी सारी पुस्तिका कुलपात ठेवण्याचे कारण नाही.

भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली आहे. दिशा योग्य आहे. मद्रास आयआयटीने ‘शक्ती’ प्रोसेसरचा आराखडा मुक्त परवान्याखाली खुला केला, तेही अभिनंदनीय. परंतु नुसत्या प्रोसेसरने उपकरण होत नाही. त्याच्याभोवती नेटवर्कची, कॅमेऱ्याची, साठवणुकीची अशा अनेक चिपा असतात आणि प्रत्येकीचे आकडे वेगळे. पुरवठादार कंपनीने उद्या ड्रायव्हर देणे थांबवले, तर धडधाकट यंत्रही नव्या प्रणालीवर चालेनासे होते. रेल्वे, वीजमंडळे, पोलीस यांच्यासाठी शासन अशी उपकरणे खरेदी करते. रजिस्टरांची पुस्तिका आणि ड्रायव्हरचा मूळ प्रोग्रॅम खरेदीदाराच्या स्वाधीन करावा, अशी अट त्यासाठी घातली पाहिजे. निविदेत हमीची वर्षे आणि सुट्या भागांचा पुरवठा यांची कलमे असतातच. त्यांच्या शेजारी हे आणखी एक कलम सहज बसेल.