सही करण्याआधी पत्र वाचा

या महिन्याच्या टपालात अमेरिकेच्या ईबी-१ए, म्हणजे असामान्य क्षमतेच्या ग्रीन कार्डाबद्दलच्याच तक्रारी जास्त आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बऱ्याच नव्या एच-१बी (नोकरी-व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा आला. तेव्हापासून मालकाच्या दारी न जाता ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज स्वतःच भरण्याचे अनेक पोस्टडॉक मंडळींनी मनावर घेतले आहे. आणि मग हातात पडते ती आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारी नोटीस.

क्षयरोगाच्या औषध-प्रतिकारावर काम करणाऱ्या एका वाचकाने आपली आरएफई आमच्याकडे पाठवली. दहापैकी तीन निकष पुरे करायचे असतात. शोधनिबंध आणि पीअर रिव्ह्यू हे दोन मान्य झाले. ‘मोठ्या महत्त्वाचे मूळ योगदान’ हा तिसरा मात्र फेटाळला. कारण निबंधाला अकरा लेखक आहेत, त्यात अर्जदाराचा वाटा कळत नाही! वैद्यकातले कोणते मोठे संशोधन एकट्याने होते, हे या अधिकाऱ्यांना कोणी सांगायचे? दुसऱ्या एका वाचकाचे तिन्ही निकष मान्य झाले, पण अंतिम, एकत्रित मूल्यमापनात तोच पीअर रिव्ह्यू ‘या व्यवसायात नेहमीचाच’ म्हणून निकामी ठरला. नियमात नसलेल्या अटी निकषांच्या टप्प्यावर लादू नका, असे काझारियन खटल्यात नवव्या सर्किट न्यायालयाने २०१० सालीच बजावले होते. तसले आक्षेप अंतिम मूल्यमापनात विचारात घेता येतील, एवढी मोकळीक न्यायालयाने ठेवली आणि स्थलांतर खात्याने (यूएससीआयएस) त्या फटीचा दरवाजा केला. सर्पदंशावर काम करणाऱ्याची सायटेशन्स कर्करोग-संशोधकाच्या शेजारी ठेवून मोजणे, हा याच कारभाराचा नमुना. ज्या विषयात जगभरात मोजकेच गट काम करतात, तिथे आकडा लहानच असणार.

हे सगळे खरे. पण त्या क्षयरोगाच्या अर्जाला जोडलेली शिफारसपत्रे आम्ही वाचली आणि राग आपल्याच ज्येष्ठांवर गेला. बहुतेक पत्रे गाइडची आणि सहलेखकांची. ‘क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या मोजक्यांपैकी एक’ हे नियमातले वाक्य एकाआड एक पत्रात जसेच्या तसे. मसुदा अर्जदाराने लिहायचा आणि साहेबांनी न वाचता सही ठोकायची, हाच प्रकार. अपवाद एकाच पत्राचा. लिहिणाऱ्या प्रयोगशाळाप्रमुखांनी अर्जदाराला कधी पाहिलेलेही नाही. रिफॅम्पिसिनला न जुमानणारे नमुने आम्ही अर्जदाराच्या पद्धतीने तपासतो, त्यामुळे कल्चरची वाट पाहण्यात जाणारे आठवडे वाचतात आणि रुग्णाचे औषध लवकर बदलता येते, एवढेच त्यांनी लिहिले आहे. त्यात एकही विशेषण नाही. तसे पत्र आणखी एखादे असते, तर ‘वाटा कोणता’ हा प्रश्न विचारायला अधिकाऱ्याला जड गेले असते.

ज्येष्ठांनो, पत्र स्वतः लिहा. कोणत्या मार्गदर्शक सूचनांत कोणत्या पानावर या कामाचा आधार घेतला, तुमच्या वॉर्डात कोणता प्रोटोकॉल कधीपासून बदलला, निबंधातला कोणता भाग याच माणसाचा, हे लिहा. आणि ते पडून राहू देऊ नका. सात टक्क्यांच्या देशनिहाय मर्यादेमुळे भारतात जन्मलेल्यांना ईबी-१ मध्येही रांग लावावी लागते आणि रांगेतली जागा ठरवणारी प्रायॉरिटी डेट ठरते ती आय-१४० दाखल झाल्या दिवशी. पत्र तुमच्या टेबलावर दोन महिने राहिले, की तुमच्या विद्यार्थ्याचा नंबर दोन महिने मागे गेलाच.

अर्जदारांनाही सांगणे आहे. पैसे भरून मिळणारे पुरस्कार आणि कोणालाही मिळणारी सभासदत्वे अर्जातून काढून टाका. त्यांनी चांगल्या पुराव्याचीही किंमत जाते. रिव्ह्यूचे नुसते निमंत्रण चालत नाही, रिव्ह्यू पूर्ण केल्याची जर्नलची पोच आजपासून जपून ठेवा. आरएफईला उत्तर द्यायला फार तर बारा आठवडे मिळतात, तेवढ्यात अनोळखी शास्त्रज्ञांची पत्रे जमत नाहीत.

ज्यांच्या पत्रांचा उपयोग होऊन अर्ज मंजूर झाले, त्यांनी ती पत्रे नावे खोडून आमच्याकडे पाठवावीत. पुढच्या अंकात छापू.